गिअरबॉक्सचे संस्कार

यंत्र जिंकायचे असेल तर आधी त्याचे मन ओळखावे लागते. हाताच्या जोरावर यंत्र चालवणारे गल्लोगल्ली आहेत. विचाराच्या जोरावर चालवणारा एखादाच. हे विधान प्रभुलिंग सरांनी अक्कलकोट रोडवर, आपल्या जुन्या ऑटोमॅटिक गाडीच्या चाकामागे बसून, शेजारच्या सीटवरच्या सुकन्याबाईंना ऐकवले. वाक्य पुरे होते न होते तोच उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा एक ट्रॅक्टर मोठ्याने गाणी लावून त्यांच्या उजवीकडून आला आणि पुढे निघून गेला.

"ट्रॅक्टर होता," सुकन्याबाई म्हणाल्या.

"दिसला."

"ट्रॉल्या पण होत्या की मागं."

"त्याही दिसल्या," सर म्हणाले आणि उरलेला विचार त्यांनी मनातच ठेवला.

सर सोलापुरातल्या एका कॉलेजात तर्कशास्त्र शिकवत. हा विषय घेणारे विद्यार्थी इतके कमी झाले होते, की सर कधीकधी हजेरी नजरेनेच घेत. गाडीबद्दल ते स्टाफरूममध्ये स्वतःच विनोद करत. "आमच्या गाडीत आणि माझ्यात एक साम्य आहे. दोघांचाही आवाज फार, आणि दोघेही दुसऱ्या गिअरच्या पुढे जात नाहीत." लोक हसत. पण पार्किंगमध्ये जाताना सरांचे हसू मावळलेले असे, कारण ही गाडी म्हणजे त्यांची शेवटची आशा होती.

त्याचे असे झाले होते. सरांनी उभ्या हयातीत गाडी चालवली ती नवी पेठेत. तिथे चालवणे म्हणजे मुख्यतः थांबणे. पुढे साडीच्या गठ्ठ्यांची हातगाडी, मागे रिक्षा, मध्ये रस्ता ओलांडता ओलांडता ओळखीचे कुणी भेटल्यामुळे उभी राहिलेली बाई. डावा पाय क्लचवर तयार ठेवल्याशिवाय तिथे एक वीत पुढे जाता येत नाही. तो पाय अखेर गुडघ्यात संपावर गेला. डॉक्टर म्हणाले, क्लच सोडा नाहीतर गाडी सोडा. सरांनी क्लच सोडला आणि कुणा कंत्राटदाराने वापरून सोडलेली ही ऑटोमॅटिक घेतली. ही गेली तर पुढे सुकन्याबाईंची स्कूटी होती. तिच्या मागच्या सीटवर मांडीवर भाजीची पिशवी धरून बसलेल्या सरांना एकदा त्यांच्याच वर्गाने सात रस्ता चौकात पाहिले होते. त्या दिवशी मात्र हजेरी पूर्ण होती.

ट्रॅक्टरच्या प्रसंगानंतर सुकन्याबाईंनी निर्णय दिला. त्यांचा धाकटा भाऊ शिवराज याने मैंदर्गीत नवे घर बांधले होते आणि पुढच्या महिन्यात वास्तुशांत होती. "मैंदर्गीपर्यंत धड गेली तर ठेवा. नाही गेली तर शिवराजच्या ओळखीचा एक माणूस आहे नातेपुत्याचा, दारात येऊन जुन्या गाड्या घेतो. तिथंच चावी देऊन मोकळं व्हायचं."

"आणि परत कसं यायचं?"

"एसटी आहे की."

सर कामाला लागले. पहिली फेरी सिद्धरामच्या गॅरेजची. सिद्धराम हा आत्मविश्वासाने भरलेला माणूस होता. गाडी पाहण्याआधीच त्याने रोग सांगितला. "गिअर ऑइल, सर. काळं झालेलं असणार." ते बदलले. गाडी तशीच. "मग फिल्टर." तोही बदलला. मग इंजिनच्या खालचे रबर, मग प्लग, मग कसलीशी एक वायर. प्रत्येक वेळी सिद्धराम स्वतः गाडी घेऊन पुलावर जाऊन येई आणि गाडी लोण्यासारखी चाले.

"बघा, सर, काय पळतीय! तुमी उगाच काळजी करता."

मग सर बसत आणि गाडी कण्हायला लागे. इंजिन ओरडे, चाके ऐकत नसत. शेजारी सिद्धराम डोळे मिटून बसलेला असे. आवाज ऐकायचा तर डोळे मिटावे लागतात, असा त्याचा नियम होता.

"आता तरी ऐकलंस ना?"

"ऐकलं, सर. अवघड हाय."

सरांना याचे कोडे पडले नाही. डॉक्टरसमोर रोग्याचे दुखणे पळते, इन्स्पेक्टरसमोर शाळा शहाणी होते, तसे हे यंत्र मेकॅनिकसमोर नीट वागते, एवढेच. ब्रेकचे पॅड पुन्हा झिजल्याचे सिद्धरामने दाखवले तेव्हाही सरांकडे उत्तर होते. "गिअरबॉक्सचा ताण ब्रेकवर येत असणार." सिद्धरामने जरा विचार केला, मान डोलावली आणि नवे पॅड बसवले. गिऱ्हाईक स्वतःच कारण सांगत असेल तर तो आडवा येत नसे.

त्यानंतर सर इंटरनेटकडे वळले आणि तिथे त्यांना ज्ञान झाले. अशा गाड्यांचा गिअरबॉक्स चालवणाऱ्याच्या सवयी शिकतो, असे एकाने लिहिले होते. धसमुसळा मालक असेल तर तो धसमुसळेपणा शिकतो, सौम्य असेल तर सौम्यपणा. सरांना सगळे लख्ख दिसले. गाडीवर त्या कंत्राटदाराचे संस्कार झाले होते! बॅटरीची वायर काढून ठेवली की गिअरबॉक्स जुने सगळे विसरतो आणि नव्याने शिकायला तयार होतो, असेही त्या गृहस्थाने लिहिले होते.

रविवारी सकाळी सरांनी बॅटरीची वायर काढली.

"आता काय करताय?" सुकन्याबाईंनी गॅलरीतून विचारले.

"विसरायला लावतोय."

"काय?"

"पूर्वायुष्य."

सुकन्याबाई आत गेल्या. दुपारी सरांनी वायर जोडली आणि गाडी विजापूर रोडला नेऊन तिला शिकवायला घेतले. हळू निघायचे, हळू वाढवायचे, घाई नाही, राग नाही. गाडी लक्ष देऊन शिकत होती यात शंका नव्हती. कारण परत येईपर्यंत ती पहिल्यापेक्षाही मंद झाली होती. सरांनी याचाही अर्थ लावला. हुशार विद्यार्थी सुरुवातीला असाच गोंधळतो. निदान तसे त्यांनी ऐकले होते.

वास्तुशांतीच्या दिवशी सकाळी दोघे निघाले. मागच्या सीटवर आहेराच्या साड्या, एक चादर आणि सुकन्याबाईंनी मुद्दाम वर ठेवलेले एसटीचे वेळापत्रक. सर गाडी चालवत असले की सुकन्याबाई खिडकीबाहेर पाहत. नवऱ्याकडे पाहिले की बोलणे वाढते आणि बोलणे वाढले की गाडी आणखी हळू होते, असा त्यांचा अनुभव होता.

वळसंग मागे पडेस्तोवर सर खुशीत होते. पुढे एका चढावर इंजिनाने सूर लावला. मागून हॉर्न वाजू लागले. सर हॉर्नला सोलापूरकरांचा स्वभाव मानत, त्यामुळे त्यांनी लक्ष दिले नाही. अक्कलकोट ओलांडताच जळका वास आला.

"कसला वास येतोय हो?"

"शेतात पाचट जाळत असतील."

"पाचट आपल्या चाकातून जळतंय व्हय?"

गाडी बाजूला घेऊन थंड होऊ द्यावी लागली. सर बोनेट उघडून आत पाहत उभे राहिले. आत काय पाहायचे हे त्यांना माहीत नव्हते, पण रस्त्याने जाणाऱ्यांसाठी काहीतरी पाहत उभे राहणे भाग होते. तेवढ्यात मोटारसायकलवरून शिवराज आला. पूजेची फुले न्यायला तो अक्कलकोटला आला होता.

"दाजी! हितं कुटं थांबलाय? भटजी आलेत तिकडं."

"गिअरबॉक्सला विश्रांती देतोय."

"मग चला आता, मी मागनं येतो. काय झालं तर ढकलाय हाय मी."

हे वाक्य सरांच्या जिव्हारी लागले. उरलेला रस्ता त्यांनी दात आवळून कापला. गाडी कण्हत, तापत, पण न थांबता मैंदर्गीत शिरली आणि नव्या घराच्या मांडवापुढे उभी राहिली. सरांनी सुकन्याबाईंकडे पाहिले. पोहोचलो, असे त्या नजरेत होते. धड, असे मात्र त्यांनाही म्हणवेना.

शिवराज मोटारसायकल लावून खिडकीशी आला. त्याचा चेहरा विचारात पडलेला होता. "दाजी, एक इचारू का? अक्कलकोटपासनं हितपर्यंत तुमी ब्रेक दाबूनच आलाय काय?"

"छे! वाटेत एकदाही दाबावा लागला नाही. रस्ता मोकळाच होता."

"मग मागचा लाल दिवा इझलाच न्हाय की ओ. मला वाटलं, आता थांबतील, मग थांबतील. मी आपला सारखा ब्रेक मारतोय मागं."

सरांचा चेहरा उजळला. शेवटी पुरावा हाती आला होता. "वायरिंग! अरे, दिव्याचं बटण बिघडलंय. म्हणजे गाडीला उगाच वाटतंय की आपण थांबतोय, म्हणून गिअरबॉक्स पुढे जात नाही. सिद्धरामला हे कळलं नाही. थांब, आत्ता सिद्ध करतो. तू मागे जा. मी पाय काढतो, तू दिवा बघ."

शिवराज मागे गेला. सरांनी उजवा पाय उचलून, सगळ्यांना दिसावा म्हणून, दाराबाहेर काढला. मांडवातले पाहुणे जवळ आले.

"आता बघ!"

"लागलाय, दाजी!"

"आता?"

"लागलायच!"

"बघा!" सर मांडवाला उद्देशून म्हणाले. "ब्रेकला माझा हातसुद्धा लागलेला नाही!"

सुकन्याबाईंनी लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच नवऱ्याला गाडीत नीट खालपासून पाहिले. "हात नाही हो," त्या म्हणाल्या. "पाय."

सरांनी खाली पाहिले. त्यांचा डावा पाय ब्रेकच्या पेडलवर ठेवलेला होता. दाबलेला म्हणता येणार नाही. नवी पेठेत क्लचवर असायचा तसा, अलगद, तयारीत. क्लच गेला हे त्याला कुणी कळवले नव्हते. सर त्याच्याकडे दुसऱ्या कुणाचा पाय असावा तसे पाहत राहिले. इतके दिवस त्यांनी ऑइलवर संशय घेतला, फिल्टरवर घेतला, एका अनोळखी कंत्राटदाराच्या चारित्र्यावर घेतला. ऑटोमॅटिक गाडीत डाव्या पायाला काम नसते, म्हणून तो त्यांच्या तर्कातच आला नव्हता. काम नसलेल्या माणसाकडून किती नुकसान होते हे खरे तर त्यांना कॉलेजच्या अनुभवावरून ठाऊक असायला हवे होते.

त्यांनी पाय उचलला.

"इझला!" शिवराज मागून ओरडला, आणि मांडवात कुणीतरी टाळी वाजवली.

जेवणाच्या पंगतीत ही गोष्ट प्रत्येक पानापर्यंत पोहोचली. सर स्वतःच ती रंगवून सांगत होते. दुसऱ्याने सांगण्यापेक्षा ते बरे. हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, वाढायला आलेल्या म्हाताऱ्या गुरम्मा, सुकन्याबाईंच्या आई, जावयाला म्हणाल्या, "असू द्या की, जावईबापू. पाय आपलाच हाय."

सरांनी तिथूनच सिद्धरामला फोन लावून सगळे सांगितले. सिद्धराम जराही डगमगला नाही. "मी म्हणलं नव्हतं का, सर? ऑइल मुरायला वेळ लागतोच."

नातेपुत्याच्या माणसाचा विषय कुणी काढला नाही. गाडी वाचली होती. परतताना सर ऐटीत चाकामागे बसले. आहेराच्या बदल्यात आता हुग्गीचा डबा मिळाला होता आणि तो सांडू नये म्हणून सुकन्याबाईंनी मांडीवर धरला होता. डावा पाय सरांनी मुद्दाम मागे ओढून घेतला. गाडी निघाली ती अशी, की सरांनाच दचकायला झाले. गिअर कधी पडतो ते कळत नव्हते. इंजिनाचा आवाज नाही, वास नाही. कंत्राटदाराबद्दल सरांच्या मनात आदर दाटून आला.

अक्कलकोटच्या बाजारात एक शेळी आडवी आली. शेळी अजून लांब होती. पण डाव्या पायाने तिला पाहिले, नवी पेठ आठवली आणि त्याने आपला जुना क्लच पूर्ण ताकदीने, तळापर्यंत दाबला. गाडी जागच्या जागी उभी राहिली. हुग्गी उभी राहिली नाही. ती समोरच्या काचेवर गेली आणि तिथून सावकाश खाली येऊ लागली.

शेळी निघून गेली.

"तो क्लच नव्हता," सर म्हणाले.

"उतरा," सुकन्याबाई म्हणाल्या.

"पण आता मला कळलंय. फक्त सवयीचा प्रश्न आहे. थोडा सराव केला की..."

"उतरा हो. लोक बघायलेत."

चारचाकीचे लायसन्स सुकन्याबाईंकडेही होते. आजवर ते कपाटात होते एवढेच. त्यांनी काच पुसली, सीट पुढे घेतली, पदर खोचला आणि डावा पाय सरळ दुमडून मांडीखाली घेतला, स्वयंपाकघरात पाटावर बसावे तसा. मग उजव्या पायाने हलकेच गाडी सोडली. सोलापूर येईपर्यंत कुणी हॉर्न वाजवला नाही.

आता गाडीला पिकअप उत्तम आहे, अॅव्हरेजही सुधारले आहे. ती सुकन्याबाई चालवतात. सर शेजारी बसतात आणि पुढे काही आडवे आले की डावा पाय जोरात दाबतात. त्या बाजूला पेडल नाही.