डाव्या गालाचा फोटो

"हनुवटी वर. एवढी नको, छताला काही झालेलं नाही. हं. आता हसू नका."

"मी कुठे हसतेय?" स्टुलावरच्या वकीलबाई म्हणाल्या.

"डाव्या कोपऱ्यात थोडं हसताय."

"ते हसू नाही हो काका, ती सुरकुती आहे. तिच्यासाठीच तर आलेय मी."

फोटोकाकांनी माफी मागितली आणि बटण दाबलं.

त्वचेच्या या दवाखान्यात फोटोकाका सव्वीस वर्षं एकच काम करत आले होते. उपचाराआधी पेशंटचा फोटो काढायचा आणि उपचार संपल्यावर पुन्हा काढायचा. मधल्या भानगडी डॉक्टरांच्या. खोलीत राखाडी पडदा, एक फिरतं स्टूल, पाय कुठे ठेवायचे ते सांगणाऱ्या जमिनीवरच्या दोन पट्ट्या. चेहरा धुऊन यायचं, केसांना कापडी पट्टा, चष्मा उतरवायचा. समोरून एक, डावीकडून एक, उजवीकडून एक. पासपोर्टच्या फोटोत माणूस गुन्हेगार दिसतो; फोटोकाकांच्या फोटोत तो शिक्षा भोगून आल्यासारखा दिसे.

ते नोकरीला लागले तेव्हा उपचार म्हणजे एक पिवळं मलम आणि 'उन्हात फिरू नका' हा सल्ला. मग साल काढणारी द्रावणं आली, लेझर आला, सुरकुत्यांत भरायची इंजेक्शनं आली, सुरकुती पडूच नये म्हणून कपाळाला गप्प बसवणारी इंजेक्शनं आली. तारुण्यपिटिकांचे खड्डे बुजू लागले, पांढऱ्या डागांवर रंग परतू लागला. चांगल्या गोष्टी होत्या, काकांनी त्या स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या. कधी कधी जरा जास्तच चांगल्या होत. मागे एक गृहस्थ तक्रार घेऊन आले होते की, बायको रागावलीय हे तिच्या कपाळावरून आता कळतच नाही, त्यामुळे आपण कुठे थांबायचं हे समजत नाही आणि रोज एक वाक्य जास्त बोललं जातं.

काकांचा नियम एकच. आधीचा आणि नंतरचा, दोन्ही फोटोंना दिवा तोच, अंतर तेच. इतर ठिकाणी आधीचा फोटो तळघरात काढल्यासारखा असतो आणि नंतरचा खिडकीशी, हसऱ्या तोंडाने. मोठ्या डॉक्टरांनीही एकदा सुचवून पाहिलं होतं. काका म्हणाले, "मग उपचार कशाला डॉक्टर, दिवेच विकू ना." त्यानंतर तो विषय कुणी काढला नाही.

वकीलबाई गेल्या आणि काउंटरवरची मुलगी आत आली. दवाखान्यातली प्रत्येक बातमी घडायच्या आधी तिला कळत असे, म्हणून सगळे तिला बातमीबाई म्हणत.

"काका, कळलं का? शनिवारी साफसफाई आहे."

"परवा तर फरशी पुसली."

"फरशीची नाही हो, कॉम्प्युटरची. कंपनीचं पत्र आलंय. जुन्या अर्धवट फाइली सगळ्या पुसणार."

मोठ्या डॉक्टरांनी म्हातारपणी दवाखाना एका कंपनीला विकला होता. तिच्या चौदा शाखा होत्या आणि पत्रं पाठवणं हा तिचा मुख्य व्यवसाय असावा असा काकांचा समज होता.

"अर्धवट म्हणजे?"

"म्हणजे आधीचा फोटो आहे आणि नंतरचा नाही, अशा. लोक मधेच सोडून जातात ना. पाच वर्षांपूर्वीच्या तसल्या सगळ्या फाइली आपोआप उडणार. कशाला जागा अडवायची, असं म्हणतात."

"बरोबर आहे," काका म्हणाले आणि कॅमेऱ्याची काच पुसू लागले. ती त्यांनी आत्ताच पुसली होती.

त्या अर्धवट फाइलींत एक त्यांच्या बायकोची होती.

मुलगा झाल्यावर तिच्या डाव्या गालावर वांग उठला होता. रुपयाएवढा सुरू झाला आणि हळूहळू डोळ्याखालपासून जबड्यापर्यंत पसरला. उजवा गाल स्वच्छ. तेव्हापासून तिने कॅमेऱ्याला डावा गाल दाखवला नाही. नवरा फोटो काढणारा असूनही, किंवा असल्यामुळेच. सहलीत, खिडकीशी, मुलाला मांडीवर घेऊन, मुलाच्या शाळेच्या दाराशी, प्रत्येक फोटोत ती उजवीकडून. घरच्या कपाटात तीनशेच्या वर फोटो होते आणि त्या सगळ्यांत मिळून ती अर्धीच होती. "सरळ बघ की," काका म्हणायचे. "तुम्ही सरळ बघा," ती म्हणायची, "मी बरी आहे अशी."

मग वांगावरचा नवा लेझर आला. जुन्याने डाग जायच्याऐवजी कधी कधी गडद होत. हा सौम्य होता. सहा वेळा यायचं, सोबत क्रीम. कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना सवलत. काकांनी घरी सहज विषय काढावा तसा काढला. ती महिनाभर नाही म्हणाली आणि एका सकाळी चेहरा धुऊन, केसांना पट्टा बांधून त्यांच्या स्टुलावर येऊन बसली.

"माझा नंबर काय?"

काकांनी फाइलवरचा सांगितला.

"एकवीस वर्षं संसार केला, नंबर आज मिळाला," ती म्हणाली. "आणि हे बघा, हा फोटो घरी आणायचा नाही."

"मी इथून कुणाचाच फोटो घरी नेत नाही."

"मी कुणीतरी नाहीये. मला वेगळं सांगा."

"तुझाही नेणार नाही."

"मोबाइलमधे पण नाही. मुलाला दाखवायला पण नाही."

"नाही."

मग तिने छापील कागदावर खुणा केल्या. उपचारासाठी फोटो काढण्यास संमती: हो. जाहिरातीसाठी: नाही. घरी प्रत हवी: नाही. खाली सही केली, आणि त्यांच्याकडे, म्हणजे कॅमेऱ्याकडे, म्हणजे त्यांच्याकडेच, सरळ पाहिलं. नंतर सांगितल्याबरोबर उजवीकडे वळून डावा गाल पुढे केला. काकांनी त्या दिवशी दिवा तीनदा तपासला.

तीन वेळा लेझर झाला. गाल उजळायला लागला होता. आंघोळीनंतर ती आरशाशी जरा जास्त वेळ थांबायची. चौथ्या वेळेच्या आठवड्यात डोक्यातली एक बारीक रक्तवाहिनी फुटली. मोठ्या डॉक्टरांनी भेटायला आल्यावर काकांचा हात धरला आणि म्हणाले, "त्वचा फार छान प्रतिसाद देत होती." काकांना त्यांचा राग आला नाही. माणूस आपल्या भाषेतच रडतो.

या गोष्टीला सहा वर्षं झाली. दर सोमवारी सकाळी कॉम्प्युटरच्या पडद्यावरचे रंग नीट दिसतात की नाही हे पाहायला एखादा जुना फोटो उघडावा लागे. कुठला उघडायचा याचा नियम नव्हता. तेव्हा सोमवारी सकाळी चार-पाच मिनिटं काका रंग तपासत. रंग नेहमी ठीक असत.

गुरुवारी ते धाकट्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. या मोठ्या डॉक्टरांच्या कन्या. पंधरा वर्षांच्या असताना तोंडभर पुटकुळ्या घेऊन काकांच्या स्टुलावर बसून रडल्या होत्या, त्यामुळे आता त्यांच्यापुढे काकांना खुर्ची मिळे.

"बाई, एक फाइल ठेवता येईल का शनिवारनंतर?"

कुठली ते त्यांनी विचारलं नाही. नंबर टाकायला सांगितला, आणि पडद्यावर चेहरा आल्यावर पडदा आपल्याकडे ओढून घेतला.

"माझ्या हातात असतं तर काका, आज सांगायलाही लागलं नसतं. पुसायचं काम कंपनीकडूनच होतं. मी पत्र लिहिलं तर उत्तर यायला महिना, आणि आपल्याकडे आहेत दोन दिवस. तुम्ही असं करा, एक प्रत काढून घरी घेऊन जा. मी बघितलंच नाही."

"तिने 'नाही' असं लिहिलंय."

"कुठे?"

"कागदावर. घरी प्रत हवी, त्याच्यापुढे."

"काका, आता..."

"हो, आता विचारता येत नाही ना तिला. म्हणून तर तेच धरायचं."

बाईंनी पेन उघडलं, मिटलं. मग त्यांना काहीतरी सुचलं. माणूस चांगला असला की त्याला काहीतरी सुचतंच. काकांच्या कॅमेऱ्याला जोडलेल्या नव्या यंत्रात अशी सोय होती की, आधीच्या फोटोवरून उपचारानंतर चेहरा कसा दिसेल याचं चित्र ते बनवून दाखवी. गिऱ्हाईक तयार करायला त्याचा फार उपयोग होई. बाईंनी दोन बटणं दाबली आणि पडदा काकांकडे फिरवला.

वांग नव्हता. डोळ्यांखालची काळी वर्तुळं नव्हती. ओठांच्या कडेला, मुलाच्या आजारपणात पडलेल्या दोन रेघा होत्या, त्याही नव्हत्या. काकांना हा चेहरा कुठेतरी पाहिल्यासारखा वाटला. मग आठवलं. लग्नाच्या फोटोतली मुलगी. तिच्याशी तेव्हा त्यांचं दोनच वेळा बोलणं झालं होतं, तेही 'पाणी हवंय का' एवढंच.

"पूर्ण सहा वेळा झालं असतं तर अशा दिसल्या असत्या," बाई हळूच म्हणाल्या.

"छान आलंय," काका म्हणाले. "पण हिच्याशी माझी एवढी ओळख नाही."

बाई हसल्या नाहीत.

"हे चालेल का, नंतरचा फोटो म्हणून?" काकांनी विचारलं.

"नाही ना. चित्र घेत नाही ते. यंत्रापुढे माणूस बसून काढलेला लागतो, तारखेसकट."

काकांनी मान डोलावली, खुर्ची होती तिथे सरकवून ठेवली आणि आपल्या खोलीत गेले. दुपारी अकरा पेशंट झाले. एका तरुण मुलाला नंतरच्या फोटोत गालावर एकही पुटकुळी नाही असं दिसल्यावर तो स्वतःच्याच फोटोकडे, दुसऱ्या कुणाचं कौतुक करावं तसं, बघत बसला. काकांनी त्याला घाई केली नाही.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत दवाखाना रिकामा झाला. बातमीबाई डबा घेऊन मागे गेली. काकांनी खोलीचं दार लावून घेतलं, मोबाइल नियमाप्रमाणे बाहेरच्या कपाटात होता. त्यांनी पडद्यावर तिचा नंबर टाकला. मग नळाशी जाऊन साबणाने तोंड धुतलं, टॉवेलने पुसलं, चष्मा टेबलावर ठेवला. केस फारसे नव्हते, तरी पट्टा बांधला.

आयुष्यात त्यांनी एकही खोटा फोटो काढला नव्हता, आणि नळाशी उभं राहून त्यांनी याही फोटोचा विचार केला. दिवा तोच होता. अंतर तेच. चेहरा धुतलेला. यात खोटं त्यांना काही सापडेना.

ते स्टुलावर बसले. सव्वीस वर्षांत ते या स्टुलावर बसलेच नव्हते; ते एका बाजूला किंचित कललेलं आहे हे त्यांना आज कळलं. एवढ्या लोकांपैकी कुणी सांगितलं कसं नाही, याचं त्यांना नवल वाटलं. पाय दोन पट्ट्यांवर ठेवले. यंत्र तीन आकडे मोजून आपणच फोटो काढी. समोरून झाला. उजवीकडून झाला. मग काकांनी तोंड उजवीकडे वळवलं आणि डावा गाल पुढे केला.

माणूस तोच आहे का, हे यंत्राने विचारलं नाही. त्याला तेवढं शिकवलेलं नव्हतं. त्याने आपलं काम इमानाने केलं. वांग: पूर्ण गेला. सुरकुत्या: खूप वाढल्या. त्वचेचं वय: आधीपेक्षा एकोणतीस वर्षांनी जास्त. खाली लाल अक्षरांत, तज्ज्ञांचा सल्ला घ्या, असं आलं. त्याखाली प्रश्न होता: उपचार पूर्ण? काकांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला, आणि 'हो' वर बोट ठेवलं.

फाइल जतन झाली.

दारावर टकटक झाली. "काका, वकीलबाई आल्यात परत. म्हणतात, परवाच्या फोटोत डोळे मिटले होते. पाठवू?"

"दोन मिनिटं."

यंत्राने नेहमीप्रमाणे दोन्ही फोटो शेजारी शेजारी मांडले होते. डावीकडे आधीचा, उजवीकडे नंतरचा. लग्नानंतर दोघं एका चौकटीत कधी आलेच नव्हते. कुणीतरी कॅमेरा धरायला लागतो, आणि तो धरणारा घरात एकच होता. दोघांनी एकाच बाजूला तोंड वळवलेलं होतं. ती पुढे, चौकटीच्या बाहेर कुठेतरी बघत होती, डावा गाल उघडा टाकून. तो तिच्या मागे, पट्टा बांधलेला, तिच्याकडे बघत.