शेवटच्या फाइलीचा नियम

या, सरकून जवळ बसा. दोन जावांची गोष्ट सांगतो. भांडण चुलीपुढचं नव्हे. दोघी एकाच ऑफिसात पाठीला पाठ लावून बसायच्या.

छोटी छोटी फंक्शनं जोडून प्रोग्राम लिहायची एक भाषा होती. माणसाचं लिहिलेलं यंत्राला समजावणारा तिचा कंपायलर थोरलीने लिहिलेला. देवाला कुठल्याही नावाने हाक मारा, तो ओ देतो. यंत्राचं तसं नाही. दोन फाइलींत एकाच नावाचं फंक्शन सापडलं तर काय? थोरलीचा नियम असा, की यादीत जी फाइल शेवटी, तिचं खरं. विचारायचं नाही कुणाला.

धाकटी नीटनेटकी. इस्पितळाच्या औषधपंपाच्या प्रोग्रामात तिने फाइलींची यादी अकारविल्हे लावली. शेवटी होती 'मुले', तिथे आली 'मोठे'. दोन्हींत 'मात्रा' नावाचं, औषध किती सोडायचं ते ठरवणारं फंक्शन. चाचणीच्या टेबलावर पंपाने तान्ह्या बाळासाठी मोठ्या माणसाचं औषध सोडलं. नळीच्या टोकाला काचेचं भांडं होतं, ही देवाची कृपा.

साहेब म्हणाले, "संध्याकाळपर्यंत सांगा, चूक कुणाची. जिची असेल, तिने उद्यापासून कामावर यायचं नाही."

"हात शिवशिवत होते ना?" थोरली म्हणाली. "घरी माझे डबे हलवतेस, इथे माझ्या ओळी."

"डबे हलवून साखरेचं मीठ होत नाही, जाऊबाई. तुमच्या कंपायलरात होतं."

"अकरा वर्षं कुणाचं अडलं नाही."

"अडायला हवं होतं."

दुपारभर खपून धाकटीने नियम बदलला. आता नाव दोन ठिकाणी सापडलं की कंपायलर थांबायचा आणि विचारायचा, 'मुले'मधली मात्रा की 'मोठे'मधली? ऑफिसातलं सगळं जुनं काम त्यातून तपासून काढलं, तर तो एक्केचाळीस ठिकाणी थांबला. त्यातल्या अडतीस ठिकाणच्या ओळी थोरलीच्या.

थोरलीने त्या ठिकाणांची यादी उभ्याउभ्या वाचली, उचलली आणि साहेबांकडे नेली. "नियम मी सुधारून घेतलाय," ती शांतपणे म्हणाली. "ओळी मात्र हिने हलवल्या."

साहेबांनी ओळी कुणी हलवल्या तेवढंच तपासलं.

धाकटीने टेबल आवरलं. "घराची किल्ली द्या. आज मी आधी पोचेन."

थोरलीने किल्ली हातात दिली नाही, टेबलावर टाकली.

नियम राहिला, थोरलीच्या नावाने. तेव्हा बाबांनो, तुमचं यंत्र कधी मध्येच अडून 'यातलं कुठलं?' विचारू लागलं, तर त्याला शिव्या देऊ नका. त्या धाकटीची आठवण काढा.