मांडीवरचं स्टेशन

लाकडाला आमच्या घरात आजवर कुणी घाबरलं नव्हतं. वांबोरीच्या अंगाला आमचं गाव. तिथल्या चार वाड्यांवर ज्या बैलगाड्या धावल्या त्या आमच्याच दारातून निघालेल्या. आमच्या मालकांनी घडवलेल्या चाकावर घोडेगावच्या बाजारात लोक हात फिरवायचे आणि विचारायचे, सुतार कोण? मालक गेले, जाताना वाकस, पटाशी, रंधा ही सगळी हत्यारं थोरल्या मुलाच्या, छगनच्या, हातात देऊन गेले. आणि हाच छगन त्या दिवशी ओट्यावर खोकं उघडून असा बसला होता की आत नाग असावा.

खोक्यात होत्या फळ्या. पापडाएवढ्या पातळ, बोटाएवढ्या रुंद, आणि प्रत्येकीवर आकडा.

खोकं आलं होतं नगरजवळच्या नागापूरहून. तिथं लोखंड ओतायचा नवा कारखाना निघाला होता. लोखंड ओतायच्या आधी होणाऱ्या वस्तूचा हुबेहूब लाकडी नमुना करावा लागतो, म्हणून त्यांना सुतार हवा होता. आमच्याकडं रबरी टायरच्या गाड्या आल्यापासून लाकडी चाकाला कुणी विचारत नव्हतं, तेव्हा छगनला ती नोकरी पाहिजे होती. नोकरी एक, माणसं चार. बाकीच्या तिघांकडं सरकारी सुतारशाळेचं सर्टिफिकेट, छगनकडं नुसतं बापाचं नाव. मॅनेजर परचुरे साहेब त्याला म्हणाले, कागद नाही तर हात दाखवा.

साहेबांना एक नाद होता. बंगल्यात मोठ्या फळीवर त्यांनी खेळातली आगगाडी मांडली होती. रूळ, बोगदा, सिग्नल, सगळं वितीच्या आत. त्यांच्या भावानं विलायतेहून त्या गाडीसाठी लाकडी स्टेशन पाठवलं, पण सुटं. जोडायचं ज्याचं त्यानं. साहेबांनी ते छगनला दिलं. आठ दिवसांत जोडून आणा, पण चित्रातल्यासारखं नको, आपल्याकडचं दिसलं पाहिजे, मग बघू. पन्नाशीच्या गृहस्थानं आगगाडी खेळावी याला काय म्हणावं? पण नोकरी त्याच्या हातात, तेव्हा नाद चांगलाच म्हणायचा.

माझी सून लंका हुशार. तिनं सगळे तुकडे सुपात निवडून आकड्याप्रमाणे मांडले. चित्र मी बघितलं. छप्पर टोपीसारखं उभं आणि वर धुराडं. मी विचारलं, तिथला मास्तर गाड्या सोडतो का भाकरी थापतो? छगन म्हणाला तिकडं बर्फ पडतो, तो घसरून जावा म्हणून तसलं छप्पर. आमच्याकडं दोन वर्षं पाऊस पडला नव्हता, बर्फाचं कौतुक कुणाला.

मग मी काठी घेतली आणि गावच्या स्टेशनावर गेले. दाराची उंची काठीनं घेतली, खिडक्या वितीनं घेतल्या. पॅसिंजर उभी होती, माणसं डब्यातून माना काढून बघत होती. मास्तर म्हणाले, मालनबाई, स्टेशन विकत घेता काय. मी म्हटलं, घेतलंय, घरी सुपात पडलंय.

काम सुरू झालं तसा छगन खुलला. मोठी हत्यारं इथं कामाची नव्हती. त्यानं दाढीचं पातं मोडून बांबूच्या कांबीत बसवलं, ती झाली करवत. बाभळीचे काटे झाले खिळे. छपराचा उतार त्यानं निम्मा केला, धुराड्याच्या फळ्यांचं बाकडं केलं. लंकानं काड्यापेट्यांच्या लाकडी पट्ट्या कापून गेरूत बुडवल्या, कौलं तयार. भिंतींवर खिळ्यानं दगड आखले आणि दिव्याची काजळी चोळली. रांजणाच्या जागी रिठ्याची बी. स्टेशनवर घंटा म्हणून रुळाचा तुकडा टांगलेला असतो, तिथं खिळ्याचं डोकं टांगलं.

भांडण झालं ते एकाच गोष्टीवरून. खोक्यात डिंकाची नळी होती, आणि छगन म्हणाला हे डिंकानंच चिकटवायचं.

"डिंक लाडवात घालत्यात," मी म्हटलं. "सुताराच्या घरात लाकूड खाचंत बसतं."

पण पापडाला खाच कुठं पाडणार? भिंती डिंकानं चिकटल्या. मी त्या दिवशी तिकडं पाठ करून बसले.

पाचव्या दिवशी दाराची चौकट जोडली. छगन आंघोळीला गेला होता. आता आमच्यात चौकट पुजल्याशिवाय उभी करत नाहीत. माझ्या सासऱ्यांपासून एकही चौकट तशी उभी राहिलेली नाही, मग ती पाटलाची असो की गोठ्याची. मी बोट भिजवलं, हळद लावली, कुंकू लावलं. बोट माझं, चौकट नखाएवढी. गणेशपट्टीला, म्हणजे वरच्या आडव्या लाकडाला, लावायला गेले आणि अख्खी चौकट लाल झाली.

छगननं येऊन बघितलं. वरून पांढरा रंग दिला. तो गुलाबी झाला. दुसरा हात दिला, तोही गुलाबी. मग मी म्हटलं धुऊन बघू, आणि धुतली. ते विलायती लाकूड पाणी प्यायलं, फुगलं आणि वाकडं झालं. खोक्यात सगळं मोजून असतं, दुसरी चौकट नव्हती. बिनदाराचं स्टेशन घेऊन साहेबापुढं कसं जाणार? छगन जेवला नाही. लंका माझ्याकडं बघतही नव्हती, यावरून काय ते समजा. मीही म्हणाले नाही की चुकलं. माझ्या तोंडाला त्या शब्दाची सवय नाही.

सकाळी मी मालकांची पटाशी काढली, दगडावर ठोकून तिची मूठ वेगळी केली आणि छगनच्या पुढ्यात टाकली. शिसवाची मूठ, चाळीस वर्षं मालकांच्या तळहातानं गुळगुळीत झालेली. छगन तिला हात लावीना.

"आये, ही आबाची हाय."

"आबाची हाय म्हनूनच दिली. कर चौकट. आन् खाच पाड."

त्यानं पाडली. दीड दिवस लागला. खाचेत बसणाऱ्या तांदळाएवढ्या कुसा, तेवढ्याच खाचा, डिंकाचा थेंब नाही. आणि दार उघडत होतं.

आठव्या दिवशी आम्ही पॅसिंजरनं नगरला निघालो. छगन एकटाच जाणार होता, पण वस्तू सांभाळायला माझ्यासारखी मांडी लागते. आगगाडीतून स्टेशन चाललंय, असं लोक आयुष्यात एकदाच बघतात. त्यांना मी ते लांबूनच बघू दिलं.

साहेबांनी ते फळीवर रुळाशेजारी ठेवलं आणि भिंग काढलं. कौलं बघून हसले, रांजण बघून हसले. दारापाशी आल्यावर हसू थांबलं.

"ही चौकट खोक्यातली नाही."

मी पुढं झाले.

"खोक्यातली मी बिघडवली. पुजायला गेले, कुंकू मुरलं, धुतली तर फुगली. चूक माजी हाय, पोराची न्हाई."

छगननं माझ्याकडं असं बघितलं की साहेबांपेक्षा त्यालाच जास्त नवल वाटलं असावं.

साहेबांनी टाचणीनं दार उघडलं आणि आत डोकावून बघितलं. गणेशपट्टीला आतून कुंकवाचा ठिपका होता, काडीनं लावलेला.

"आणि हे? पुन्हा?"

"चौकट नवी, तर पूजा नवी. शिसवाला डाग लागत न्हाई, तरी आतून लावलं."

साहेब छगनकडं वळले. "माप कुठून घेतलंत?"

"बिघडलेल्या चौकटीवरून."

"पण ती तर फुगली होती."

"व्हय. छपराचा काप भिजवून किती फुगतंय त्ये काढलं, तेवढं वजा केलं."

साहेबांनी भिंग खाली ठेवलं. म्हणाले, लोखंड थंड होताना आक्रसतं. किती आक्रसेल ते ओळखून नमुना तेवढा मोठा करावा लागतो. सर्टिफिकेटवाल्यांना हे शिकवताना साहेबांचे सहा महिने जायचे. मग पुन्हा स्टेशनकडं बघत राहिले, गाडी सोडली, थांबवली, पुन्हा सोडली. नोकरीचं अक्षर नाही. छगनला वाटलं संपलं, तो चपला शोधायला लागला.

मला असलं अर्धवट चालत नाही.

"साहेब," मी म्हटलं, "चौकट बसली की घरधन्यानं सुताराला नारळ द्यायचा आसतो. आमी तसंच जायाचं व्हय?"

छगननं डोळे मिटून घेतले. साहेब उठले, आत गेले, डबे उघडल्याचा आवाज आला. रिकाम्या हातानं परत आले.

"बाई, घरात नारळ नाही. एक तारखेला देतो, छगन कामावर येईल तेव्हा."

छगन चपलेत एक पाय घालून तसाच उभा राहिला. मी बोटं मोजली. एक तारखेला अमावस्या होती, आणि अमावस्येला आमच्यात हत्याराला हात लावत नाहीत. तसं मी साहेबांना सांगितलं आणि दोन तारीख करून घेतली.