उजवा कान

मास्तरांच्या बायकोने चमचाभर लिक्युअर तोंडात घेतलं, जिभेवर घोळवलं आणि बादलीत थुंकून टाकलं. मग कानामागे केस सारले. उजव्या.

मास्तरांनी लगेच आपला चमचा ओठांना लावला, डोळे मिटले, पाच सेकंद जगाचा निरोप घेतला आणि जाहीर केलं, "जमलंय. भरा बाटल्या."

कामगार कामाला लागले. त्या छोट्या डिस्टिलरीत मास्तरांची जीभ म्हणजे शेवटचा शब्द. ती जीभ दोन हिवाळ्यांपूर्वीच्या तापात नाकासकट कामातून गेली होती, हे फक्त नवराबायकोला ठाऊक होतं. तेव्हापासून डावा कान म्हणजे साखर कमी, मानेला हात म्हणजे लवंग जास्त आणि उजवा कान म्हणजे उत्तम. संसारात एवढं एकमत फार थोड्या जोडप्यांचं असतं.

एरवी गोड असणारं ते लिक्युअर आज मात्र कडूजहर होतं.

दरवर्षी संत्र्यांची साल ती सुरीने काढायची, आतला कडू पांढरा भाग जराही न लागू देता. यंदा वर्तमानपत्रवाले फोटो काढायला येणार होते. फोटोत सुरी बरी दिसत नाही म्हणून मास्तरांनी यंत्र आणलं. यंत्राने पांढऱ्यासकट सोललं, आणि दालचिनी-लवंगेबरोबर ते सगळं तीन आठवडे व्हिस्कीत मुरलं.

सकाळी मुलाखत छापून आली होती. 'हे सगळं या एका जिभेचं देणं.' पत्नीची मदत होते का? 'हो, ती साली सोलते.' यंदा तेही तिने केलं नव्हतं.

म्हणून उजवा कान. दुपारी घाऊक व्यापारी येणार, पहिल्याच घोटाला तोंड वाकडं करणार. मग ही जीभ काय बोलते, ते तिला ऐकायचं होतं. हिवाळ्याचा सगळा माल अंगावर पडला तरी चालेल.

व्यापारी आला. गरम पाण्यात लिक्युअर घालून त्याने घोट घेतला आणि थांबला.

"मास्तर, हे कडू आहे."

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. ती टेबल पुसत होती.

"आहे खरं," मास्तर म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

व्यापाऱ्याने दुसरा घोट घेतला. मग तिसरा.

"गोड काय, सगळेच करतात हो. तेच ते पाकातलं सरबत विकून वीट आला होता. हे धाडस सुचलं कुणाला?"

टेबल पुसणारा हात थांबला.

"जीभच सांगते कधी कधी," मास्तर म्हणाले.

"दुप्पट पाठवा. आणि चवीत काडीचा फरक नको." व्यापारी तिच्याकडे वळला. "काय वहिनी, तुम्ही घेता की नाही चाखून?"

तिने तोंड उघडलं.

"छे हो," मास्तर म्हणाले, "तिला कडू सोसत नाही."

व्यापारी हसला. तिने फडकं बाजूला ठेवलं, एक पेला घेतला, पाणी न घालता तो काठोकाठ भरला आणि उभ्याउभ्याच संथपणे रिकामा केला. भुवई हलली नाही की ओठ मुडपले नाहीत. हात खालीच.

मास्तर तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. किती कडू होतं, ते त्यांना काही केल्या कळेना.