भरल्या पोटाची मासळी

सकाळपासून जाळ्यात अकरा मासे आले आणि अकराही पाहुणे. तळ्यावरच्या लोकांनी चेष्टेने त्या माशाला 'पाहुणा' हे नाव दिलं, तेव्हा तो नवा होता. वरच्या अंगाला कुणाचं तरी मासे पोसायचं तळं फुटलं, तिथून तो खाली उतरला आणि तीन वर्षांत इथली बोटभर मासळी खाऊन त्याने पाणी साफ केलं.

मेव्हणा काठावर जाळं झटकत होता. "दाजी, पाहुण्याने घर खाल्लं की हो. आता यजमानांनी जायचं कुठं?"

म्हातारा हसला नाही. बायको जाऊन सात महिने झाले होते. तोवर होडीत नवरा-बायको दोघंच असायची. ती गेली आणि तिचा हा धाकटा भाऊ न बोलावता वल्ह्यावर येऊन बसला. दुपारचा डबाही त्याच्याच घरून यायचा.

मत्स्य खात्याचा साहेब वही घेऊन आला. "हा पहिल्यांदा कुणाला सापडला? कधी?"

"पलीकडच्या काठावरचा टकल्या. लिहा साहेब," मेव्हणा म्हणाला. "सापडला तेव्हाच ठेचला असता तर ही पाळी आली नसती. टकल्याला त्याच्याच जाळ्यात गुंडाळून बुडवायला पाहिजे."

साहेब लिहू लागला.

म्हाताऱ्याला तीन वर्षांपूर्वी आपल्या जाळ्यात आलेली पहिली पाहुणी मासळी आठवत होती. पोट टरारलेलं. गाभोळी भरलेली मासळी पाण्यात परत सोडायची, ही तळ्यावरची जुनी रीत. तरी त्याने सुरी उचलली होती. "ही आपल्यातली नाही गं. दात बघ हिचे."

"दात कुणाला नसतात? पोटुशी आहे, जाऊ दे तिला," असं म्हणत बायकोने दोन्ही हातांनी ती पाण्यात सोडली. ती एकच होती की आणखी शंभर होत्या, हे आता कोण सांगणार?

"टकल्याने नाही," म्हातारा म्हणाला. "माझ्या जाळ्यात आली होती. मी सोडली."

मेव्हण्याच्या हातातलं जाळं गळालं. "ताई होती ना होडीत?"

"होती."

"तिने सोडू दिली?"

"नको म्हणत होती. मी ऐकलं नाही."

"तिचं ऐकलंत कधी तुम्ही? छातीत दुखतंय, दवाखान्यात चला, म्हणून महिनाभर सांगत होती. तेव्हा तरी ऐकलंत?"

हे खोटं नव्हतं.

मेव्हण्याने होडीतून आपली चप्पल, पाण्याची बाटली आणि डबा उचलला. डबा अजून उघडलेला नव्हता. मागे न बघता तो चढ चढून गेला.

साहेबाने टकल्याचं नाव खोडलं. "तुमचं पूर्ण नाव?"

म्हाताऱ्याने सांगितलं, बापाच्या नावासकट.