मागच्या दाराने

खुर्च्यांच्या कारखान्यात काळ्या रेक्झिनला तपकिरी दोरा लागायला लागला, तेव्हाच फोरमन काय ते समजले. काळा दोरा देणारा व्यापारी उधारीला कंटाळला होता. पगारही मागेपुढे होत होता. बुडत्याचा पाय खोलात, दुसरं काय.

फोरमनना सगळे मामा म्हणत. बँकेपेक्षा जास्त व्याज मिळतं म्हणून कामगारांनी आपली पुंजी मालकाकडेच ठेवली होती. भरवसा मात्र मालकावर नव्हता, मामांवर होता. मामांनी ठेवलेत ना, मग झालं तर.

घरी बायको रोज टोचायची. "पगार त्याच्याकडून, पुंजीही त्याच्याकडे. उद्या त्याने हात वर केले की काय खायचं, तुमची अब्रू?"

शेवटी मामा कॅशियरकडे गेले. त्याने आधी दार लावून घेतलं. "देतो. पण मागच्या दाराने जा, आणि चकार शब्द काढू नका. तुम्ही काढलेत हे कळलं तर इथे झुंबड उडेल."

मामांनी पैशांची पिशवी शर्टाखाली खोचली. भित्र्या माणसाला असलं शहाणपण लवकर पटतं.

इमारतीला वळसा घालून पुढे येतात तो शिलाईवाली समोर. नवरा गेल्यावर दोन मुलींना एकटीने वाढवणारी बाई. हातात पाकीट.

"मामा, थोरलीच्या कॉलेजचे आहेत. फी भरायला अजून अवकाश आहे, तोवर चार पैसे व्याज तरी मिळेल. ठेवू ना इथे?"

नाही म्हणायला असा किती वेळ लागतो? मामा म्हणाले, "ठेव की."

घरी बायकोने पिशवी कपाटात ठेवली आणि बऱ्याच दिवसांनी हसली. "आता तुमचा कारखाना बुडो नाहीतर तरो." मामांना सुटल्याचा आनंद होत होता, आणि त्या आनंदाचीच जास्त लाज वाटत होती.

सकाळी मशीन सुरू होण्याआधीच ते शिलाईवालीपाशी गेले. "तुझे पैसे काढून घे, आत्ताच्या आत्ता. मी माझे काढलेत."

ती धावली. ज्यांनी ज्यांनी ऐकलं तेही धावले. कॅशियरच्या खोलीला कुलूप होतं आणि मालकाचा फोन बंद. लोक दारावर लाथा घालायला लागले.

ती तेवढी परत येऊन आपल्या मशीनवर बसली. मामा तिच्याजवळ जाऊन हळूच म्हणाले, "माझ्यातले थोडे देतो मी तुला." थोडे म्हणताना त्यांना घरचं कपाट दिसत होतं.

"काल मी विचारलं, तेव्हा काढले होतेत तुम्ही?"

"अंगावरच होते."

तिने मान खाली घातली आणि सुईतला तपकिरी दोरा ओढून काढला.

"राहू द्या, फोरमनसाहेब," ती म्हणाली.