आजाऱ्याचा पाव

हिरामण तांडेलाचं डोकं फिरलं, असं कोळीवाड्यात उघड बोललं जाऊ लागलं आणि त्याच्या बायकोच्या, ठमीच्या, जिवाला थारा उरला नाही. आधीच त्याचं पोट दोन वर्षं बिघडलेलं, त्यात आता विसर पडू लागलेला. डोंगर आणि देवळाचा कळस एका रेषेत धरून पाण्याखालचा खडक अचूक सांगणारा माणूस, पण भर हंगामात त्याने त्याच खडकावर जाळं फाडलं. तो चालवत होता त्या मचव्याचे भागीदार म्हणाले, नारळी पुनवेला खडकाची खूण विचारू. चुकला तर सुकाणू त्याच्या धाकट्या भावाकडे, सदूकडे.

ठमी घडीभर एका जागी बसत नव्हती. आजाऱ्याला भात-मासळी जड, चहात बुडवलेला पाव हलका, ही कोळीवाड्याची रीत. हिरामण जितका खंगे, तितके ती पाव वाढवी.

गोवा मोकळा झाला त्याच्या पुढच्या पावसाळ्यात खाडीतली होडी बंद पडली आणि रेवदंड्याचा पाव यायचा थांबला. घरात उरले तांदूळ आणि सुके बोंबील. आता हा माणूस काही जगत नाही, म्हणून ठमी रडली. झालं भलतंच! पोट निवलं. आषाढ सरेस्तोवर हिरामण जाळं विणायला बसला, खुणा घडाघडा सांगू लागला. होडी सुरू होताच ठमी हरखून पाव घेऊन आली, रोज चहात बुडवून देऊ लागली. पुनवेला अंगात बळ नको?

पुनवेला दर्यात नारळ सोडला आणि सदूने विचारलं, "दादा, बगळ्या खडकाची खूण?"

हिरामण पोट धरून उभा. डोंगराकडे बघितलं, देवळाकडे बघितलं. ओठ हलले, शब्द फुटेना.

ठमी मनात दिवस मोजू लागली. मधल्या दिवसांत बदललं काय होतं? एक पावच!

"भावजी, दिवाळीपावतर थांबा!" ती सगळ्यांदेखत ओरडली. "ह्यो पावाचा घात हाय. माज्या हातचा."

"पावानं कुनाचं डोसकं जातंय व्हय?" लोक हसले. त्यांना काय, फुकटची करमणूक. सदू तेवढा हसला नाही.

"दिवाळीपावतर सुकाणू मी बघतो, वैनी. मंग दादाला परत इचारू," तो म्हणाला.

हिरामण रोज पाव मागे, रुसून बसे. आजाऱ्याच्या तोंडचा घास काढते, म्हणून बायका ठमीच्या नावाने बोटं मोडत. तिला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं, पण ती भातच वाढत होती.

दिवाळीत हिरामणने खूण सांगितली, न अडखळता. सदू सुकाणूवरून उठला. सगळे मचव्याकडे धावले. ठमी मात्र वाळूत बसून ओक्साबोक्शी रडत होती. दोन वर्षं आपल्याच हातांनी, आणि तेही मायेने!

हिरामण तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"ठमे, ऊठ. भूक लागली हाय. भात टाक."